सोन्याचा मुलामा आणि पाऱ्याची वाफ

आपल्याकडे लग्नकार्यात पंगत बसते तेव्हा पानाभोवती रांगोळी काढतात, उदबत्ती लावतात. रांगोळीने कोणाचे पोट भरत नाही, पण पाहुण्याचा मान राहतो. जुन्या फ्रान्समधील सरदार-उमरावांनी हीच हौस आपल्या लांबलचक जेवणाच्या मेजावर पुरवली. मेजाच्या मधोमध ते एक मोठी शोभेची वस्तू मांडीत. फ्रेंच भाषेत तिला ‘सुर्तू द ताब्ल’ म्हणतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस ती प्रचारात आली, तेव्हा तिच्यावर मेणबत्त्या आणि मसाल्याची, तेलाची भांडी ठेवीत. पुढे खाली आरसा, भोवती नक्षीचा कठडा, वर पुतळ्या आणि फुलांच्या परड्या असा थाट आला. रात्री मेणबत्त्या लागल्या की आरशात उजेड दुप्पट होई आणि सगळे मेज सोन्यासारखे झळके.

पण ती वस्तू सोन्याची नव्हे, ब्राँझची. सोने फक्त वरच्या पातळ थरात. ओताऱ्याने साच्यात ओतायचे, दुसऱ्या कारागिराने छिन्नीने कोरून नक्षी उठवायची आणि मग मुलामा देणाऱ्याने हात लावायचा. तो मुलामा कसा देत, हे नीट समजून घ्या, कारण आजची गोष्ट तिथेच आहे.

तापवलेल्या पाऱ्यात सोने विरघळते. त्याचा लोण्यासारखा मऊ गोळा होतो. तो ब्राँझवर कुंच्याने सारवायचा आणि ती वस्तू निखाऱ्यावर धरायची. पारा वाफ होऊन उडून जातो, सोने धातूला घट्ट चिकटून राहते. मग अकीकाच्या दगडाने घासून त्याला झिलई आणायची. काम किती पक्के पाहा! दोनशे वर्षांनीही ते सोने उतरत नाही.

सोने राहिले, पण वाफ गेली कुठे? ती गेली निखाऱ्यावर वाकलेल्या माणसाच्या छातीत. काही वर्षांत त्याचे हात कापू लागत, मान डुगडुगू लागे, तोंडातून लाळ गळे, दात हलत. घास तोंडापर्यंत नेणेही कठीण होई. ज्याच्या हातच्या कामाने दुसऱ्याचे जेवणाचे मेज सजे, त्याला स्वतःचे जेवण धड जेवता येत नसे.

१७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. १७९३ पासून व्हर्सायच्या राजवाड्यातील सामानाचा लिलाव झाला. पुष्कळ उमराव घराण्यांची दौलत पांगली. पण मुलाम्याची हौस काही संपली नाही. नेपोलियनच्या दरबाराने ती पुन्हा वाढवली. पिएर-फिलिप तोमीर या नामांकित कारागिराच्या कारखान्यात शेकडो माणसे राबत. अमेरिकेतही ही हौस पोचली. १८१४ साली इंग्रज सैन्याने व्हाइट हाऊस जाळले. ते पुन्हा बांधल्यावर राष्ट्राध्यक्ष मन्रो यांनी १८१७ साली पॅरिसहून देनियेर आणि मातलँ यांच्या कारखान्यातील असाच आरशाचा मेजसाज मागवला. तो सात तुकड्यांचा आहे आणि आजही तेथे आहे.

याच काळात पॅरिसमध्ये आंत्वान-आंद्रे राव्रिओ हा ब्राँझचा मोठा व्यापारी-कारागीर होता. नेपोलियनच्या राजवाड्यांना तो माल पुरवी. त्याची सारी श्रीमंती या मुलाम्यातूनच आलेली, आणि मुलामा देणाऱ्यांचे हाल त्याने डोळ्यांनी पाहिलेले. तो १८१४ साली वारला. मृत्युपत्रात त्याने ३००० फ्रँक बाजूला काढून ठेवले होते. मुलामा देणाऱ्यांना पाऱ्याच्या वाफेपासून वाचवण्याचा उपाय जो शोधील, त्याला ते बक्षीस द्यायचे होते.

१८१८ साली ते बक्षीस दार्से नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला मिळाले. त्याची युक्ती ऐकाल तर म्हणाल, ही तर चुलीजवळची गोष्ट! गरम हवा वर चढते, हे आपल्या घरातील बाईमाणसाला ठाऊक असते. दार्सेने भट्टीच्या धुराड्याला जोडून आणखी एक लहान भट्टी पेटती ठेवली. तिच्या उष्णतेने धुराड्यात हवेची ओढ निर्माण झाली आणि विषारी वाफ कारागिराच्या नाकाकडे न येता वर ओढली जाऊ लागली. पुढे १८४० साली इंग्लंडमध्ये एल्किंग्टन यांनी विजेच्या साह्याने मुलामा देण्याचे पेटंट घेतले. मग हळूहळू पाऱ्याची गरजच कमी झाली.

मात्र गोष्ट पुरती संपलेली नाही. आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, आशियातही लहान खाणींवरचे गरीब लोक आजही मातीतले सोने पाऱ्याने गोळा करतात आणि तो गोळा उघड्यावर तापवतात. वाफ तीच, छाती तशीच. पाऱ्याचा वापर आवरण्यासाठी २०१३ साली मिनामाता करार झाला. २०१८ साली भारतानेही त्याला मान्यता दिली.

शिक्षकबंधूंनो, इतिहासाच्या तासाला राजवाड्याचे चित्र दाखवाल तेव्हा मुलांना एक प्रश्न जरूर विचारा : हे कोणाच्या मालकीचे होते, ते पुस्तकात आहे, पण हे केले कोणी, आणि ते करताना त्याचे काय झाले? राव्रिओला हा प्रश्न पडला, म्हणून काही माणसांचे हात कापायचे राहिले. मालकाला असा प्रश्न पडावा, हे त्या सोन्याहून मोलाचे आहे.