चिठोरे आणि राक्षस

भयपटात भूत दाखवावे की दाखवू नये, हा वाद जुना आहे. १९५७ साली इंग्लंडात निघालेल्या 'नाइट ऑफ द डीमन' या चित्रपटात तो दिग्दर्शक आणि निर्माता यांच्यातच जुंपला, आणि दोघांच्याही खुणा पडद्यावर उमटल्या.

दिग्दर्शक जाक तुर्नर हा हॉलिवुडात व्हॅल ल्यूटनच्या हाताखाली काम केलेला. १९४२ च्या 'कॅट पीपल'मध्ये पैसा बेताचा. तेव्हा श्वापदाचे काम त्याने सावली आणि गुरगुर यांवर भागवले. पोहण्याच्या तलावाभोवतीच्या भिंतींवर हलणारा पाण्याचा उजेड, बस्स! गरिबीने कलेवर असे उपकार क्वचितच केले असतील.

'नाइट ऑफ द डीमन'ची मूळ कथा एम. आर. जेम्स यांची, १९११ ची. मांत्रिक कार्सवेल ज्याचा काटा काढायचा त्याच्या हाती नकळत एक मंतरलेले चिठोरे सरकवतो. मुदत भरली की मरण. सुटका एकच: ते चिठोरे देणाऱ्याने नकळत परत घेतले पाहिजे. चित्रपटात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होल्डनला ते ब्रिटिश म्यूझियमच्या वाचनालयात मिळते. पुढे ते हातातून निसटून आगटीकडे झेपावते आणि जाळीला चिकटून फडफडत राहते. कागदाच्या त्या कपट्याइतके भय मला पुढच्या राक्षसाचे वाटले नाही.

कार्सवेलही साधा खलपुरुष नव्हे. नायल मॅकगिनिसने तो लाघवी रंगवला आहे. विदूषकाच्या वेषात तो मुलांना जादू दाखवतो, आणि मध्येच वादळ उठवतो. आईपाशी मात्र कबूल करतो, की दुसऱ्याचा जीव दिला नाही तर स्वतःचा द्यावा लागेल. हा सावकार स्वतःच कर्जात बुडालेला आहे.

निर्माता हॅल चेस्टर याने आरंभी आणि शेवटी राक्षस घातला. झाडांमागून लोळत येणारा धूर झकास आहे. जवळून दिसणारे तोंड मात्र जत्रेतल्या सोंगाचे. पण खरे नुकसान निराळेच. पहिल्या काही मिनिटांतच आपल्याला सगळे कळून चुकते आणि होल्डनची शंका, जी कथेचा कणा व्हायची, ती नुसता हट्ट ठरते. अमेरिकेत हा चित्रपट तेरा-एक मिनिटे छाटून 'कर्स ऑफ द डीमन' या नावाने लागला. राक्षसाला कात्री लागली नाही!

शेवटी चिठोरे कार्सवेलकडे परतते आणि तो रुळांवरून त्यामागे धावत सुटतो. त्याचे प्रेत पाहून पोलीस समजतात, गाडीने उडवला. राक्षस दाखवला नसता, तर त्यांचे म्हणणे आपल्यालाही खोडता आले नसते.