एकच बायबल, दोन चर्च

ख्रिस्ती धर्मानेच काळ्यांना समता दिली, असे काही मित्र आम्हाला सांगतात. ख्रिस्ती धर्मानेच त्यांना गुलाम केले, असे दुसरे मित्र ठासून मांडतात. दोन्ही विधाने अर्धवट आहेत. खरा प्रश्न असा की, बायबल कुणाच्या हातात होते?

१८०७ मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी खास बायबल छापले गेले. इजिप्तच्या गुलामीतून मोशे आपल्या लोकांना बाहेर काढतो, ती कथाच त्यातून गाळली होती. मालकांची आज्ञा पाळा, हा उपदेश मात्र ठेवला. ज्ञान कुणाला किती द्यायचे हे ठरवणारे फक्त मनुस्मृतीतच नव्हते!

१८४५ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतील बाप्टिस्टांनी वेगळा पंथ काढला. गुलामांचा मालक मिशनरी होऊ शकतो की नाही, यावरून फूट पडली होती. तो होऊ शकतो, असे म्हणणाऱ्यांचा हा पंथ. या पापाची जाहीर माफी मागायला त्यांना १९९५ साल उजाडले. दीडशे वर्षे!

त्याच १८४५ मध्ये फ्रेडरिक डग्लस या गुलामीतून निसटलेल्या तरुणाचे आत्मचरित्र आले. त्यांचा मालक १८३२ मध्ये एका धर्मसभेला जाऊन भाविक झाला. आता तो दयाळू होईल, अशी डग्लस यांना आशा होती. तो अधिकच क्रूर झाला, कारण चाबकाला आता बायबलचा आधार मिळाला होता. डग्लस यांनी ख्रिस्ताचा धर्म नाकारला नाही. मालकांचा धर्म नाकारला.

मग काळ्यांनी काय केले? फिलाडेल्फियात गोऱ्यांच्या चर्चमध्ये प्रार्थनेला गुडघे टेकलेल्या काळ्या भाविकांना ओढून उठवले गेले. ते सारे बाहेर पडले. त्यांच्यातले रिचर्ड अॅलन यांनी गुलामीतून स्वतःची सुटका पैसे मोजून करून घेतली होती. त्यांनी १७९४ मध्ये स्वतःचे चर्च उभारले आणि १८१६ मध्ये काळ्यांचा स्वतंत्र पंथ स्थापन झाला. १८२२ मध्ये चार्ल्स्टनमध्ये डेन्मार्क व्हेसी यांच्या उठावाचा बेत फुटला. गोऱ्यांनी त्यांना फाशी दिली आणि काळ्यांचे चर्चही पाडले. काळ्यांची स्वतंत्र संघटना किती धोक्याची, हे मालकांना नेमके कळले होते.

हीच संघटना पुढे कामी आली. ५ डिसेंबर १९५५ रोजी मॉन्टगोमेरीत बसवरील बहिष्कार चालू ठेवण्याचा निर्णय एका चर्चमधल्या सभेतच झाला. बहिष्कार ३८१ दिवस चालला. बाबासाहेब नागपुरात दीक्षा घेत होते तेव्हा तिकडे काळी माणसे पायी कामावर जात होती. १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून मार्टिन ल्यूथर किंग यांनी पत्र लिहिले, तेही घाई करू नका असे सांगणाऱ्या गोऱ्या धर्मगुरूंना. त्याच सप्टेंबरात त्याच शहरातल्या काळ्यांच्या चर्चमध्ये बॉम्ब फुटला आणि चार मुली ठार झाल्या.

जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ती याच झगड्याला सलाम म्हणून. बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्माचीही चिकित्सा केली. भारतात ख्रिस्ती झालेल्यांचीही जात सुटली नाही, हे त्यांनी पाहिले आणि वेगळी वाट निवडली.

म्हणून तरुणांना आमचे सांगणे एवढेच: ग्रंथात समता लिहिली आहे का, एवढ्यावर थांबू नका. त्या धर्माच्या संस्थेत मान खाली घालावी लागते की ताठ राहते, ते तपासा. हा प्रश्न चर्चला विचारा, आणि आपल्या विहारांनाही विचारा. विहार फक्त वंदनेपुरते उरले, तर चूक धम्माची नसेल, आपली असेल.

जय भीम!