घायपात, कागदी लिंबू आणि मार्गारिटा

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं लेकीकडे डॅलसला राहून आलो. तिथं एका शनिवारी जावयांनी ऑफिसातल्या चार-पाच मंडळींना जेवायला बोलावलं होतं आणि सगळ्यांना घरी केलेली मार्गारिटा पाजायचा बेत होता. सामान आणायला निघताना ते मला म्हणाले, "अण्णा, येताय का? टकिला निवडायचीय." पस्तीस वर्षं पोरांना इतिहास शिकवलेल्या आणि चहापलीकडे कसलंही व्यसन न केलेल्या माणसाला हे विचारणं म्हणजे गंमतच! आमच्या हिनं डोळे वटारले. पण घरात बसून मी कंटाळलो होतो. निघालो.

दुकान कसलं, गोदामच होतं. एक अख्खी भिंत नुसत्या टकिलाची. एका बाटलीवर झाडाचं चित्र होतं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. जाड, काटेरी, तलवारीसारखी पानं, मधे टोकदार कोंब. अहो, हे तर घायपात!

मंडळी, घायपात तुम्ही पाहिलेलं असणारच. बांधावर, रेल्वेच्या कडेला कुंपण म्हणून लावलेलं असतं. आमच्या माणदेशात त्याला केकताडही म्हणतात. इतिहासाच्या मास्तरला एवढं ठाऊक होतं की हे झाड मूळचं आपलं नव्हे, अमेरिका खंडातून युरोपियनांच्या मागोमाग इकडे आलेलं. पण त्याची दारू होते हे सत्तरी ओलांडल्यावर एका दुकानात कळलं.

आणि हे झाड माझ्या ओळखीचं असण्याचं कारण जरा जवळचं आहे. आम्ही मातंग. गावाला दोर पुरवणं हे आमचं बलुतं. वडील घायपाताची पानं कापायचे, काटे तासून मोळ्या बांधायचे आणि ओढ्याच्या डबक्यात दगडाखाली आठ-दहा दिवस कुजत घालायचे. मग ती काढून दगडावर बडवायची, धुवायची. गर निघून जातो आणि पांढरा वाख उरतो. त्या वाखाचे कासरे, दावी, चऱ्हाटं, मोटेचा नाडा. बेंदराच्या आधी तर आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. वडिलांचे हात कोपरापर्यंत लाल असत, रात्री खाजवून खाजवून रक्त निघे. आई त्यावर खोबरेल चोळायची. कुजल्या पानांचा वास आमच्या कपड्यांनाही लागायचा, आणि शाळेत शेजारचा पोरगा बाकावर सरकून बसायचा. असो.

त्या रात्री घरी आल्यावर नातीच्या संगणकावर बसलो आणि या झाडाचा इतिहास वाचायला घेतला. पुढचे चार दिवस तेच चाललं होतं.

मेक्सिकोत या झाडाला मागे म्हणतात, शास्त्रीय नाव आगावे. स्पॅनिश लोक यायच्या कितीतरी आधीपासून तिथले लोक त्याचा गोड रस काढून आंबवत आणि पुल्के नावाचं पांढरट पेय करत. आपल्या माडीचा चुलतभाऊच म्हणा. या झाडाची मायावेल नावाची देवीही होती. आणि हो, याच झाडाच्या वाखाचे दोरही ते वळत! हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत जरा सरळ बसलो.

१५२१ साली स्पॅनिशांनी आस्तेकांची राजधानी घेतली. त्यानंतर भट्टी लावून अर्क उतरवायची विद्या तिथं रुजली. ती एकट्या स्पॅनिशांनी आणली असं मात्र नाही. १५६५ पासून मनिला आणि अकापुल्को यांच्यामध्ये गलबतं ये-जा करत. त्यांतून आलेले फिलिपिनो खलाशी पश्चिम किनाऱ्यावर नारळाच्या माडीची दारू गाळत, आणि तीच रीत पुढे आगावेला लागली असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. मला ते पटतं. राजे-सरदार करारमदार करतात, पण भट्ट्या आणि भाकऱ्या खलाशांबरोबरच फिरतात.

अशा दारूला सरसकट मेस्काल म्हणत. हालिस्को प्रांतात टकिला नावाचं गाव आहे, तिथलं मेस्काल नावाजलं गेलं आणि गावाचंच नाव दारूला पडलं. आपल्या कोल्हापुरी चपलेचं झालं तसं. १७९५ साली स्पेनच्या राजानं कुएर्वो घराण्याला दारू गाळायचा परवाना दिला. १८७३ मध्ये साउसा घराण्याचा कारखाना उभा राहिला. ही दोन्ही नावं आजही त्या भिंतीवर शेजारीशेजारी उभी आहेत. १९७४ साली मेक्सिकोनं टकिला या नावाला कायद्याचं कुंपण घातलं. हालिस्को आणि आणखी चार राज्यांतले ठरलेले भाग सोडून दुसरीकडे केलेल्या दारूला ते नाव लावता येत नाही. म्हणूनच आपल्या दख्खनच्या घायपाताची दारू आता बाजारात आहे, पण तिच्यावर टकिला लिहीत नाहीत. २००६ साली युनेस्कोनं त्या गावाभोवतीची आगावेची शेतंच जागतिक वारशात घेतली.

आता बाटली कशी निवडायची ते सांगतो, कारण दुकानात मी उत्तरपत्रिका तपासाव्या तशी लेबलं वाचली होती! टकिला फक्त निळ्या आगावेचीच हवी. पण १९७० पासूनच्या नियमानं साखरेतली निदान ५१ टक्के साखर आगावेची असली की पुरतं, उरलेली उसाची वगैरे चालते. म्हणजे चाळीस टक्क्यांना पास करण्यासारखंच की. तेव्हा लेबलावर 'शंभर टक्के आगावे' असे शब्द आहेत का ते आधी पाहायचं. नसले तर ती भेसळीची समजा. सोनेरी रंगाला भुलू नये. स्वस्त सोनेरी बाटलीत बऱ्याचदा रंग घातलेला असतो. अस्सल टकिलाला रंग चढतो तो ओकच्या पिंपात मुरल्यामुळे. दोन महिन्यांच्या आतली ती ब्लांको, पाण्यासारखी स्वच्छ. दोन महिने ते वर्ष पिंपात राहिली की रेपोसादो, म्हणजे विसावलेली. एक ते तीन वर्षं मुरलेली आन्येहो. मार्गारिटाला लिंबू पिळायचं असल्यानं ब्लांकोच बरी. आन्येहोत लिंबू पिळणं म्हणजे बासुंदीत ताक ओतणं. आणि बाटलीत अळी असते म्हणतात ती टकिलात नसतेच. ती मेस्कालच्या काही बाटल्यांत असते, तीही विसाव्या शतकातली विक्रीची युक्ती.

ही ब्लांको दोन महिन्यांत बाटलीत येते खरी, पण झाड तयार व्हायला सहा-सात वर्षं लागतात. फुलाचा दांडा येऊ देत नाहीत, नाहीतर सगळी साखर तो खातो. मग हिमादोर नावाचा मजूर येतो. त्याच्या हातात लांब दांड्याचं, गोल पात्याचं कोआ नावाचं हत्यार असतं. त्यानं तो सगळी पानं छाटतो आणि मधला गड्डा काढतो. हा गड्डा अननसासारखा दिसतो म्हणून त्याला पिन्या, म्हणजे अननसच म्हणतात. वजन तीस-चाळीस किलो, कधी त्याच्या दुप्पट. तो भट्टीत शिजवायचा, चिरडायचा, रस आंबवायचा आणि दोनदा गाळायचा. भाव पडेल की चढेल हे लावताना कोणाला ठाऊक? सगळे एकदम लावतात, सात वर्षांनी भाव कोसळतो. मग कोणी लावत नाही आणि पुढे तुटवडा पडतो. आपल्या कांद्याचं चार महिन्यांत होतं ते तिथं सात वर्षांत होतं, इतकाच फरक.

वाचता वाचता एका ठिकाणी थांबलो. आगावेच्या शेतांत आणि टकिलाच्या कारखान्यांत राबणाऱ्यांना कातडीचा एक विकार होतो. तिथं त्याला माल दे आगावेरोस, आगावेवाल्यांचा रोग म्हणतात. कच्च्या रसात सुयांसारखे बारीक स्फटिक असतात, ते कातडीत घुसतात आणि हात लाल होऊन खाजतात. २००१ साली त्यावर शास्त्रीय निबंधही छापून आलाय. सुया! आणि आम्हाला वाटायचं, वडिलांचं रक्तच तापट.

बाकीच्या सामानाचं थोडक्यात. संत्र्याच्या सालीची गोडसर दारू लागते. तिला ट्रिपल सेक म्हणतात. कोआन्त्रो त्यातलीच एक, फ्रान्सच्या आँजे शहरातली. लिंबू मात्र महत्त्वाचं. अमेरिकेत मोठी, बिनबियांची हिरवी लिंबं मिळतात, पण मेक्सिकोचं खरं लिंबू म्हणजे आपलं कागदी लिंबू. अक्षरशः तेच. ते आशियातलं. अरबांच्या हातून स्पेनपर्यंत आणि स्पॅनिशांच्या जहाजांतून मेक्सिकोपर्यंत पोचलेलं. दुकानात जाळीच्या पिशवीत ती बारकी लिंबं होती, वर मेक्सिकोचा शिक्का. आपलं लिंबू तिकडे गेलं आणि त्यांचं घायपात इकडे आलं. बाटलीतला तयार रस घेऊ नका एवढंच सांगतो.

मार्गारिटा कोणी शोधली यावर एवढे दावे आहेत की आपल्याकडच्या जन्मस्थळांच्या वादांची आठवण यावी. कोणी म्हणतं तिहुआनाजवळ १९३८, कोणी हुआरेसमध्ये १९४२, कोणी अकापुल्कोत १९४८. प्रत्येक कथेत एक सुंदर बाई आहेच! पण लंडनमध्ये १९३७ साली छापलेल्या एका पुस्तकात हेच तीन पदार्थ पिकाडोर नावानं आहेत. आणि डेझी नावाचा पेयांचा एक जुना प्रकार होता. डेझीच्या फुलाला स्पॅनिशमध्ये मार्गारिटाच म्हणतात. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, तेव्हा तिथली मंडळी सीमा ओलांडून मेक्सिकोत प्यायला जात. तिथंच डेझीत टकिला पडली असावी, असा माझा कौल. (आपल्या १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर लोक गोव्या-दमणला जात, तसंच.) बर्फाचा चुरा केलेली मार्गारिटा मात्र डॅलसचीच. १९७१ साली मारियानो मार्टिनेझ या हॉटेलवाल्यानं आइस्क्रीमच्या यंत्रात फेरफार करून ती काढली. ते यंत्र आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

शनिवारी जावयांनी ५० मिली टकिला, २० मिली कोआन्त्रो आणि १५ मिली लिंबाचा रस अशा मापानं बर्फात हलवून पेले भरले. काठाला अर्ध्यापर्यंतच मीठ, ज्याला नको त्यानं दुसरीकडून प्यावं म्हणून. मी एक घोट घेतला. (हिला माहीत आहे.) आंबट, खारट, आणि गिळल्यावर मागून एक हिरवा वास आला. तो मी साठ वर्षांनी ओळखला.

पाहुण्यांत एक मेक्सिकन गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, तुम्हाला आगावे कशी माहीत? मग मी सांगितलं. ओढा, मोळ्या, वाख, खोबरेल, बाकावर सरकून बसणारा पोरगा. जावई लेकीकडे बघत होते. आजोबा दोर वळायचे हे तिला ठाऊक होतं, पण हातांचं आणि बाकाचं मी तिलाही कधी बोललो नव्हतो. ती उठून पाणी आणायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नात म्हणाली, "आजोबा, दोर करून दाखवा ना." त्यांच्या अंगणात शोभेचं घायपात आहेच. एक पान कापलं, कुजवायला वेळ नव्हता म्हणून तसंच हातोडीनं बडवलं, नळाखाली धुतलं. वाख निघाला थोडा. मांडीवर पीळ देऊन हातभर सुतळी वळली. बोटं विसरली नव्हती. नातीनं ती दप्तराला बांधली.

संध्याकाळपर्यंत माझे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल झाले होते. लेकीनं कपाटातून खोबरेल काढलं.