तुंबाड (चित्रपट) : पुनर्प्रदर्शन आणि प्रेक्षकमत

तुंबाड हा राही अनिल बर्वे दिग्दर्शित हिंदी भाषेतील अद्भुत-भयपट आहे. तो प्रथम १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. त्यानंतर अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओ या ओटीटी मंचावर तो घरोघरी पाहिला गेला आणि १३ सप्टेंबर २०२४ रोजी पुन्हा चित्रगृहांत आला. सर्वसाधारणपणे चित्रपट आधी चित्रगृहात गाजतो आणि मग त्याच्या ध्वनिचित्रफिती किंवा चकत्या घरी येतात. तुंबाडच्या बाबतीत हा क्रम उलटा झाला. घरच्या पडद्यावर तयार झालेल्या प्रेक्षकवर्गाने तो सहा वर्षांनी चित्रगृहात परत आणला. प्रस्तुत लेखात मुख्यतः या दुसऱ्या प्रदर्शनाचा आणि त्या अनुषंगाने व्यक्त झालेल्या प्रेक्षकमताचा विचार केला आहे.

कथानक

कथा १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन कालखंडांत घडते. समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र हस्तर हा सोन्याचा आणि धान्याचा लोभी होता. सोने त्याने मिळवले, पण धान्याला हात घालताच इतर देवांनी त्याच्यावर हल्ला केला. देवीने त्याला आपल्या गर्भात दडवून वाचवले; अट एकच, त्याची पूजा कधीही होऊ नये. तुंबाडच्या एका घराण्याने ही अट मोडून त्याचे देऊळ बांधले, म्हणून त्या गावावर देवांचा कोप अखंड पावसाच्या रूपाने कोसळत राहिला, अशी चित्रपटातील मिथ्यकथा आहे. त्या घराण्यातील विनायक (सोहम शाह) वाड्याच्या विहिरीतून देवीच्या गर्भात उतरतो, पिठाचे रिंगण आखून त्यात बसतो, कणकेच्या बाहुलीने भुकेल्या हस्तरला भुलवतो आणि त्याच्या लंगोटातील सुवर्णमुद्रा पळवतो. शेवटच्या भागात तो हीच विद्या आपल्या पांडुरंग या मुलाला शिकवतो. हे पात्र मोहम्मद समद याने रंगवले आहे. विनायकच्या आईच्या भूमिकेत ज्योती माळशे आणि पत्नीच्या भूमिकेत अनिता दाते आहेत.

मराठी उगम

भाषा हिंदी असली तरी चित्रपटाची मुळे मराठी वाङ्मयात आहेत. दिग्दर्शक हे 'थँक यू मिस्टर ग्लाड' आणि 'हमीदाबाईची कोठी' या नाटकांचे लेखक अनिल बर्वे यांचे पुत्र होत. १९९३ साली नागझिऱ्याच्या अभयारण्यात एका मित्राने त्यांना नारायण धारप (१९२५–२००८) यांची एक भयकथा सांगितली आणि तेथून हा विषय त्यांच्या मनात रुजला. १९९७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी पहिला खर्डा लिहिला. कोकणच्या पावसासाठी ओळखल्या जाणाऱ्या या चित्रपटाचे बीज विदर्भातील (तत्कालीन भंडारा, आता गोंदिया जिल्हा) कोरड्या पानगळीच्या जंगलात पडले, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. धारपांची 'आजी' ही कथा अमेरिकन लेखक स्टीफन किंग यांच्या 'ग्रामा' या कथेवर बेतलेली आहे. साखळदंडाने जखडलेली, झोपेतून उठली की खायला मागणारी चित्रपटातील म्हातारी ही अशी अमेरिकेतून पुण्यामार्गे आली, असे म्हणता येईल.

शीर्षक श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) या दोन खंडांच्या कादंबरीवरून घेतले आहे. दोन्ही कृतींत साम्य आहे ते गावाच्या नावापुरते. चित्रपट पाहून कादंबरीकडे वळलेल्या वाचकाला तीत हस्तर भेटत नाही. भेटतात त्या खेड तालुक्यातील एका खोत घराण्याच्या पिढ्या, त्यांचा पीळ आणि त्यांची पडझड. तरीही ही गल्लत वारंवार होते. कादंबरीवर चित्रपट निघाला असे विधान अनेक ठिकाणी आढळते. ते बरोबर नाही.

बर्वे यांचे नाव चित्ररसिकांना त्याआधी 'मांजा' या लघुपटामुळे माहीत झाले होते. 'स्लमडॉग मिलियनेअर'चे दिग्दर्शक डॅनी बॉयल यांना तो आवडला आणि त्यांनी आपल्या चित्रपटाच्या ब्लू-रे चकतीवर त्याला स्थान दिले. घरगुती पडद्याचे आणि या दिग्दर्शकाचे नाते असे तुंबाडच्याही आधीचे आहे.

पहिले प्रदर्शन

निर्मितीला फार काळ लागला. निर्माते मिळाले आणि गेले, २०१२ साली चित्रीकरण झाले, त्यातील बराच भाग पुन्हा चित्रित करावा लागला आणि २०१५ साली काम पूर्ण झाले. सासवडचा जुना वाडा आणि कोकणातील पावसाळी परिसर यांचा उपयोग करण्यात आला. पाऊस खराखुरा हवा हा आग्रह असल्याने एकेका दृश्यासाठी पुढच्या पावसाळ्याची वाट पाहावी लागे. छायालेखन पंकज कुमार यांचे, पार्श्वसंगीत डेन्मार्कचे जेस्पर किड यांचे, तर शीर्षकगीत अजय-अतुल यांचे आहे. आनंद गांधी हे सर्जनशील दिग्दर्शक, आदेश प्रसाद हे सहदिग्दर्शक आणि सोहम शाह हे प्रमुख अभिनेत्याबरोबरच निर्मात्यांपैकी एक होते.

२०१८ साली व्हेनिस चित्रपट महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहाचा आरंभ या चित्रपटाने झाला. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय चित्रपट होय. भारतात मात्र तो गाजावाजा न होता आला. आठवडाभर आधी 'अंधाधुन' आला होता, आठवडाभराने 'बधाई हो' आला. पहिल्या दिवसाचे उत्पन्न सुमारे ६५ लाख रुपये होते. पाहिलेल्यांनी इतरांना सांगितल्यामुळे तो टिकून राहिला आणि एकूण उत्पन्न साडेतेरा कोटी रुपयांच्या आसपास गेले. 'तुंबाड २०१८ मध्ये साफ पडला' ही पुढे रूढ झालेली समजूत त्यामुळे अतिशयोक्त ठरते. तो पडला नव्हता; त्याचा बहुसंख्य भावी प्रेक्षक त्या वेळी चित्रगृहात नव्हता, इतकेच. ६४व्या फिल्मफेअर पुरस्कारांत त्याला छायालेखन, कला दिग्दर्शन आणि ध्वनिरचना यांसाठी तीन पुरस्कार मिळाले.

घरच्या पडद्यावर

ओटीटीवर आल्यानंतर चित्रपटाचा प्रेक्षक पालटला. भयपट न पाहणाऱ्या घरांतही तो शिफारशीने पोहोचला. मोठ्या शहरांपासून दूर, वाशीमसारख्या जिल्ह्यांत राहणाऱ्या प्रेक्षकाला असा चित्रपट बहुधा घरच्याच पडद्यावर भेटतो. मराठी प्रेक्षकाला हे नवे नव्हते. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला' (१९९३) मधील तात्या विंचू पुढच्या पिढीला दूरचित्रवाणी आणि व्हीसीडी यांमुळेच पाठ झाला. फरक असा की, 'झपाटलेला' घरात सर्वांनी मिळून हसत पाहिला जाई. तुंबाड बहुतेकांनी रात्री, एकट्याने, कानाला हेडफोन लावून आणि पुष्कळदा भ्रमणध्वनीवर पाहिला.

या पाहण्याचा लाभही झाला. चित्र थांबवता येते, मागे नेता येते, आणि तुंबाडमध्ये मागे जाऊन पाहण्यासारखे पुष्कळ आहे. आरंभीच्या मिथ्यकथेत हस्तरला धान्य मिळाले नाही हे ओझरते सांगितले जाते. त्याला भुलवण्यासाठी कणीकच का लागते, याचा उलगडा त्यातच आहे. रिंगण पिठाचेच का, बाहुल्यांची संख्या वाढवल्यावर अनर्थ का होतो, हेही दुसऱ्या वेळी स्पष्ट होते. चित्रपटाचे खरे भाष्य दुसऱ्यांदा पाहणाऱ्याला उमगते, हे मत या काळात सर्वाधिक मांडले गेले.

तोटा उजेडाचा होता. वाड्यातील प्रसंग कंदिलाच्या आणि चिमणीच्या प्रकाशात रंगवलेले आहेत. लहान पडद्यावर, त्यातही दिवसा, तेथे काळोखापलीकडे फारसे दिसत नाही. गर्भगृहाच्या ओल्या, लालसर, श्वास घेणाऱ्या भिंती हा कला दिग्दर्शनाचा कळस होय. तळहाताएवढ्या काचेवर तो केवळ एक लाल डाग उरतो. 'हा चित्रगृहात पाहायचा राहून गेला' ही हळहळ याच अनुभवातून निर्माण झाली आणि पुनर्प्रदर्शनाची मागणी तीतून वाढत गेली.

१३ सप्टेंबर २०२४

२०२४ साली जुने चित्रपट पुन्हा लावण्याची लाटच आली होती. ऑगस्टमध्ये 'लैला मजनू' पुन्हा लागला आणि त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक प्रेक्षक मिळवले. 'वीर-झारा' तुंबाडच्याच दिवशी परतला. शिवाय 'स्त्री २' नुकताच गाजला असल्याने भय आणि लोककथा यांच्या मिश्रणाला हवा अनुकूल होती. महाराष्ट्रात ते गणेशोत्सवाचे दिवस होते. व्यापारी अंदाजांनुसार पहिल्या दिवशी दीड कोटी रुपयांहून अधिक, म्हणजे २०१८ च्या पहिल्या दिवसाच्या दुपटीहून जास्त उत्पन्न झाले आणि त्याच दिवशी आलेला 'द बकिंगहॅम मर्डर्स' हा नवा चित्रपट मागे पडला. पुढच्या शुक्रवारी, २० सप्टेंबरला, राष्ट्रीय चित्रपट दिनानिमित्त तिकीट ९९ रुपयांना मिळत होते, त्याचाही लाभ झाला. दुसऱ्या फेरीचे एकूण उत्पन्न पहिल्या फेरीच्या दुपटीहून अधिक झाले आणि पुन्हा प्रदर्शित झालेल्या हिंदी चित्रपटांत तो त्या वेळी अग्रस्थानी गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'सनम तेरी कसम'ने हे स्थान घेतले.

प्रेक्षकमत

पुनर्प्रदर्शनाच्या प्रेक्षकांत कथा माहीत असलेल्यांचा भरणा मोठा होता. त्यामुळे 'पुढे काय होणार' ही उत्सुकता त्यांच्या प्रतिक्रियांत दिसत नाही. दिसते ती ताडून पाहण्याची वृत्ती. ध्वनीविषयी जवळजवळ एकमत झाले. पावसाचा आवाज घरी पार्श्वभूमीला असतो, चित्रगृहात तो अंगावर येतो आणि थांबतो तेव्हा अधिक भिववतो. १०४ मिनिटांचा आटोपशीरपणा आणि मध्ये गाणी न घुसवण्याचा संयम यांचीही प्रशंसा झाली.

भयाविषयी मात्र तीव्र मतभेद आहेत. भयपट म्हणून आलेल्या काही प्रेक्षकांना तो पुरेसा भीतिदायक वाटला नाही. उलट पक्षाचे म्हणणे असे की, हस्तर हे भय नव्हेच. वारसा म्हणून मुलाला लोभ शिकवणारा बाप हे भय होय. विहिरीत उतरण्याच्या खेळात बापावर ताण करू पाहणारा पांडुरंग ज्यांच्या मनात राहिला, ते सहसा दुसऱ्या पक्षात आढळतात. धारप किंवा रत्नाकर मतकरी यांच्या कथा वाचून वाढलेल्या मराठी वाचकाला हा वाद ओळखीचा वाटेल. मतकरींच्या गूढकथेतही भुतापेक्षा माणूसच अधिक अस्वस्थ करतो.

दुसरा आक्षेप हस्तरच्या उगमाविषयी आहे. हे नाव कोणत्याही पुराणात नाही, ते एच. पी. लव्हक्राफ्ट आदी पाश्चात्त्य लेखकांच्या भयकथांतील 'हास्तुर'शी जुळते, हे अनेकांनी दाखवून दिले. चित्रपट जुनी दंतकथा सांगत असल्याचा आव आणतो, अशी तक्रार त्यातून आली. हा आक्षेप फारसा टिकत नाही. कल्पित देवता निर्माण करण्याचा अधिकार कथाकाराला आहेच; उलट ती इतकी सहज पटावी की प्रेक्षकाने पुराणे धुंडाळावीत, हे यशच मानले पाहिजे.

स्त्रियांच्या चित्रणावरचा आक्षेप अधिक वजनदार आहे. आई, आजी, पत्नी आणि अंगवस्त्र या साऱ्या जणी पुरुषांच्या हावेच्या कडेला उभ्या आहेत. त्यांतील आईची व्यक्तिरेखा ठसठशीत आहे. एका मुद्रेच्या आशेवर तिने वाड्यातील वृद्ध सरकारांची सेवा करीत काढलेली वर्षे पहिल्या भागाला करुण रंग देतात. पण मुंबईच्या नव्हे, पुण्याच्या वाटेला लागल्यावर कथेतून ती जवळपास नाहीशी होते. चित्रपट हा दोष दाखवतो की स्वतःच करतो, यावर मतैक्य नाही.

मराठी प्रेक्षकाची तक्रार निराळी, भाषेची आहे. वाडा, पेहराव, नावे आणि आडवळणी नातीगोती सारी मराठी; बोलणे तेवढे हिंदी. मराठीत तो आला असता तर त्याला देशभर इतका प्रेक्षक मिळाला नसता, हे त्यावरचे नेहमीचे उत्तर आहे आणि ते व्यवहारतः खरेही असेल. तथापि ज्या कथेची प्रेरणा धारपांची आणि नाव पेंडशांचे, तिच्या चर्चेत या दोन लेखकांचा उल्लेख मराठीबाहेर क्वचितच होतो, ही बाब नोंदवणे आवश्यक आहे. उत्साही प्रेक्षकांनी पुनर्प्रदर्शनाच्या वेळी या उगमाची माहिती पुन्हा प्रसृत केली, हा त्या प्रदर्शनाचा एक कमी चर्चिला गेलेला परिणाम होय.

दुसऱ्या भागाची घोषणा

पुनर्प्रदर्शनाबरोबरच सोहम शाह यांनी 'तुंबाड २'ची घोषणा केली. राही अनिल बर्वे आणि आनंद गांधी त्यात सहभागी नसल्याचे त्याच सुमारास जाहीर झाले. बर्वे यांनी नव्या चमूला शुभेच्छा दिल्या. पहिल्या चित्रपटाचे श्रेय नेमके कोणाचे, हा प्रश्न चाहत्यांत तेव्हापासून धुमसत आहे. काहींच्या मते सहा-सात वर्षे पैसा आणि देह पणाला लावणाऱ्या निर्माता-अभिनेत्याशिवाय तो पूर्णच झाला नसता. इतरांच्या मते अठराव्या वर्षी खर्डा लिहिणाऱ्या दिग्दर्शकाशिवाय तो सुरूच झाला नसता.