हसायचे कुणावर? ‘बीनो’चा इतिहास आणि आपला प्रश्न

2012 मध्ये एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकातील बाबासाहेबांच्या व्यंगचित्रावर आपल्या समाजाने आक्षेप घेतला, तेव्हा ‘यांना विनोद कळत नाही’ असा शेरा अनेक ‘पुरोगामी’ मंडळींनीही मारला. विनोद निरागस असतो असे मानणाऱ्यांनी ‘बीनो’ या ब्रिटिश बालसाप्ताहिकाचा इतिहास पाहावा, असे आम्हाला वाटते.

30 जुलै 1938 रोजी स्कॉटलंडमधील डंडी येथून डी. सी. थॉमसन कंपनीने त्याचा पहिला अंक काढला. डंडी म्हणजे तागाच्या गिरण्यांचे शहर. कच्चा ताग जायचा तो बंगालातून. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर बिग एगो नावाचा शहामृग होता आणि वर, साप्ताहिकाच्या नावाशेजारी, कलिंगड खाणारा एक काळा मुलगा. हे कलिंगड साधे नव्हे. अमेरिकेत गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेली काळी माणसे कलिंगडे पिकवून, विकून स्वतःच्या पायावर उभी राहू लागली. त्याच फळाला गोऱ्यांनी आळशीपणाचे, खादाडपणाचे चिन्ह बनवले. म्हणजे कष्टाची कमाईच टिंगलीचा विषय झाली! आपल्या वाचकांना ही रीत वेगळी समजावून सांगायला नको. पुढे 1953 मध्ये अमेरिकेतील मूळनिवासींची खिल्ली उडवणारा ‘लिटल प्लम’ आला. 1950 च्या सुमारास या साप्ताहिकाचा खप 20 लाखांच्या घरात होता. एवढ्या घरांतली मुले काय पाहून हसत होती?

पण याच पानांवर 1954 मध्ये लिओ बॅक्सेंडेल या चित्रकाराने साध्या घरांतल्या, मास्तरांच्या छडीला न जुमानणाऱ्या पोरांचा वर्ग उभा केला. हीच ‘बॅश स्ट्रीट किड्स’. ही पोरे आम्हाला आवडतात, हे कबूल करायला हवे. मात्र ज्याने ती काढली त्याचे नाव चित्राखाली नसे. चित्रकारांनी सही करायची नाही, असा कंपनीचा रिवाज होता. डडली वॉटकिन्ससारखा अपवाद विरळाच. 1926 च्या सार्वत्रिक संपानंतर युनियनच्या सभासदांना कंपनीने कामाचे दारच बंद केले होते. ‘बीनो’ सुरू झाला त्याच 1938 मध्ये, 7 नोव्हेंबरला, बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष मुंबईत औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध, कामगारांच्या संपाच्या हक्कासाठी रस्त्यावर उतरला होता.

बॅक्सेंडेल 1962 मध्ये ‘बीनो’तून बाहेर पडले. आपल्या पात्रांवरील हक्कासाठी ते पुढे कोर्टात गेले, वर्षानुवर्षे लढले आणि 1987 मध्ये तडजोड झाली.

2021 मध्ये ‘बीनो’ने ‘फॅटी’चे नाव फ्रेडी आणि ‘स्पॉटी’चे स्कॉटी केले. लठ्ठपणावरून, चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांवरून मुलांना चिडवणे आता बरे दिसत नाही, हे संपादकांना पटले. तिथेही काहींनी लगेच नाके मुरडली. कुरूप चेहऱ्यावरून हसवणारा ‘प्लग’ मात्र त्या वर्गात अजून आहे.