जुन्या डेटाबेसचा बॅकअप : मुदत संपल्यावरही आधार का लागतो?

पोस्टग्रेएसक्यूएल हा ओपन सोर्स डेटाबेस आहे. त्याची नवी मुख्य आवृत्ती साधारणपणे दरवर्षी येते आणि प्रत्येक आवृत्तीला ५ वर्षे दुरुस्त्या मिळतात. आवृत्ती १२ ची मुदत नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली. मुदत संपल्यावरही डेटाबेस चालतो, पण सुरक्षेतील नव्या त्रुटी दुरुस्त होत नाहीत.

जुन्या आवृत्त्यांना आधार का?
नव्या आवृत्तीवर जाण्याआधी बॅकअप लागतोच. म्हणून डेटाबेससोबत मिळणारे 'पीजी-डंप' जुन्या सर्व्हरमधील डेटाही काढून देते. स्वतःपेक्षा नव्या मुख्य आवृत्तीच्या सर्व्हरला मात्र ते नकार देते. 'पीजीबॅकरेस्ट' या साधनाने चालू ५ आणि मुदत संपलेल्या शेवटच्या ५, अशा १० आवृत्त्यांना आधार देण्याचे धोरण ठेवले.

मर्यादा का?
प्रत्येक जुन्या आवृत्तीसाठी वेगळा कोड आणि चाचण्या सांभाळाव्या लागतात. त्यामुळे २०२२ मध्ये आलेल्या पीजी-डंप १५ ने ९.२ पूर्वीच्या सर्व्हरचा आधार काढला. इतका जुना डेटाबेस हलवायचा असेल, तर पीजी-डंप १४ सारखी आधीची आवृत्ती शोधावी लागते. सर्व्हरचे अपग्रेड जितके लांबते, तितका बाहेर पडण्याचा रस्ता अरुंद होतो.