सँडोचे डंबेल्स आणि औंधचे राजे

सँडो बनियन आपण सगळेच घालतो, पण हा सँडो म्हणजे एक माणूस होता हे किती जणांना ठाऊक असतं? बऱ्याच जणांना ती कुठलीतरी बनियनची कंपनी वाटते. युजीन सँडो, जन्म १८६७, प्रशियातला. अंगावरचा एकेक स्नायू लोकांना तिकीट लावून दाखवणारा हा पहिलाच मोठा 'स्टार'. पुढे त्याने डंबेल्स, पुस्तकं, व्यायामाचे तक्ते असं सगळं जगभर विकलं. म्हणजे आजचे फिटनेस अ‍ॅपवाले जे करतात, तेच, फक्त पोस्टाने!

त्याचं एक गिऱ्हाईक आपल्या सातारा जिल्ह्यात होतं. भवानराव पंतप्रतिनिधी, औंधचे. (पुण्याचं औंध नव्हे हो! खटाव तालुक्यातलं, यमाईच्या डोंगराजवळचं.) जन्म १८६८, म्हणजे सँडोहून साधारण दीड वर्षाने लहान. डेक्कन कॉलेजात शिकलेले, चित्रकार, शिवाय कीर्तनंही करायचे. त्यांनी १८९७ च्या सुमारास सँडोची साधनं आणि पुस्तकं मागवली आणि पुढे दहाएक वर्षं तो व्यायाम अगदी निष्ठेने केला.

आता इथे जरा थांबू. दहा वर्षं! आपल्याकडे जानेवारीत जिमचे वर्षाचे पैसे भरतात आणि मार्चमध्ये पार्किंगमधूनच परत येतात. तेव्हा 'मोटिव्हेशन' नव्हतं असं भवानरावांबद्दल कुणी म्हणू शकणार नाही. पैसा होता, जागा होती, हौस होती. तरीही १९०८ च्या आसपास त्यांनी सँडो सोडला आणि मिरजेच्या बाळासाहेबांच्या सांगण्यावरून सूर्यनमस्कार धरले. ते मात्र सुटले नाहीत.

का? मला जे वाटतं ते सांगतो. पुढच्याच वर्षी, १९०९ साली, ते गादीवर आले. संस्थान छोटं असलं तरी कारभार तो कारभार. डंबेल्सना खोली लागते, तक्ता लागतो, प्रवासात ते ओझं होतं. नमस्काराला सतरंजीएवढी जागा पुरते. सुरुवात करायला जितकं कमी लागेल तितकी सबब शोधायला जागा कमी, इतकं साधं गणित आहे हे. दुसरं म्हणजे मोजणी. सूर्याची १२ नावं, एका नावाला एक नमस्कार. म्हणजे काउंटर व्यायामातच बसवलेला! कितवा चालू आहे हे आठवत बसायला नको, आणि मध्येच सोडलं तर आवर्तन अर्धं राहिल्याची टोचणी वेगळी. (आमच्यातल्या लूप लिहिणाऱ्यांना ही टोचणी बरोबर कळेल.)

सूर्याला नमस्कार घालणं ही जुनी उपासना, यात शंका नाही. पण दहा स्थितींचा, श्वासाचा, मोजून करायचा 'व्यायाम' म्हणून तो घराघरांत आणि पुढे जगात नेण्यात औंधकरांचा मोठा वाटा आहे. त्यांनी १९२० च्या दशकात त्यावर पुस्तकं काढली. पुढे ते इंग्लंडला गेले असताना लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांची गोष्ट लंडनच्या वाचकांना सांगितली आणि १९३८ साली तिथे 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' हे पुस्तक आलं. सँडोचा माल पोस्टाने इकडे आला होता, चाळीस वर्षांनी आपला माल तिकडे गेला. हे वाचून आपल्याला तर बुवा जाम मजा वाटली.

पण गोष्ट एवढीच गोड नाही. राजेसाहेबांनी संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले. स्वतः रोज घालत होते, त्यामुळे ढोंगी म्हणता येणार नाही. तरी हा तोच राजा, ज्याने १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना करून स्वतःची सत्ता प्रजेच्या हाती दिली! कारभार लोकांवर सोपवायची तयारी, पण सकाळचे नमस्कार लोकांच्या मर्जीवर सोडायची नाही. मला ही विसंगती फार मानवी वाटते. ज्याला एखाद्या गोष्टीचा गुण आला, त्याला दुसऱ्याची टाळाटाळ बघवत नाही. नुकताच पळायला लागलेला मित्र ज्यांना आहे त्यांना जास्त सांगायला नको ;-)

सक्तीने सवय लागते का? हजेरी नक्की लागते. आपण सगळ्यांनीच शाळेत पी.टी. केली आहे, पण शाळा सुटल्यावर किती जणांनी ती चालू ठेवली? भवानरावांना स्वतःला मात्र कुणी हुकूम दिला नव्हता. एका ओळखीच्या, बरोबरीच्या माणसाने 'हे करून बघ' म्हटलं आणि त्यांनी करून बघितलं, तेही चाळिशीच्या तोंडावर.

सँडो १९२५ साली वयाच्या ५८ व्या वर्षी गेला. भवानराव १९५१ साली, ८२ व्या. यावरून लगेच निष्कर्ष काढू नका, दोन माणसांच्या डेटावर काही सिद्ध होत नसतं. औंधला मात्र जाऊन या. डोंगरावर त्यांनीच उभं केलेलं श्रीभवानी संग्रहालय आहे, रविवर्म्याची चित्रं आहेत, आणि वर जायला पायऱ्या आहेत.